घरातलं हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन: स्क्रीनवर ९४ टक्के, तरी बेडरूम कोंदट आणि घर गार. मदत हवी आहे

पडवी (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असते पण दुसरा हिवाळा सुरू झालाय आणि आता काही सुचेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. घर दोन मजली, नवीन, बांधतानाच फटी बुजवून घेतलेल्या, तीन काचांच्या खिडक्या, आणि हवा खेळती राहावी म्हणून माळ्यावर हीट रिकव्हरीचं सेंट्रल युनिट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, हे यंत्र स्वयंपाकघर, बाथरूम, टॉयलेट इथली वापरलेली हवा ओढून बाहेर टाकतं आणि बाहेरची ताजी हवा गाळून बेडरूम आणि हॉलमध्ये सोडतं. दोन्ही हवा मधल्या एक्स्चेंजरमध्ये पातळ पापुद्र्यांच्या दोन बाजूंनी जातात, एकमेकींत मिसळत नाहीत, पण जाणारीची ऊब येणारीला मिळते. कल्पना मला तेव्हाही पटली होती, आजही पटते.

पण होतंय असं की सकाळी उठलं की डोकं जड, मुलं आळसावलेली, बेडरूममध्ये कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवलं तर पहाटे आकडा २१००. घराच्या मुख्य दाराखालून बर्फासारखी हवा येते, वारा नसतानाही, आणि फटीतून बारीक शिट्टी वाजते. माळ्यावर युनिटमधून अधूनमधून गुडगुड आवाज येतो. ज्यांनी बसवलं त्यांचा माणूस आला, स्क्रीनवर एफिशियन्सी ९४ टक्के दाखवली आणि मशीन उत्तम चाललंय म्हणून निघून गेला. खरंच उत्तम चाललं असेल तर आम्हाला हा त्रास का? जाणकारांनी प्लीज बघा.

ओंजळभर (रात्री ९:५८)

ताई, रोज सकाळ संध्याकाळ सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं, यंत्राची गरज कधी पडली नाही.

झरोका (रात्री १०:२०)

ओंजळभर, खिडक्या उघडण्याला माझा अजिबात विरोध नाही, जुन्या घरात ते पुरतंही, कारण तिथे फटींतून दिवसभर हवा येतच असते. पण बंद घट्ट घरात झोपलेली दोन माणसं मिळून तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली ३५ घनमीटरची धरली तर तासाला सातशे पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत सातशे भाग) भर पडते. रात्री दहाला खिडकी लावली की बाराच्या आत आकडा १५०० च्या पुढे, आणि पहाटे तीनला उठून खिडकी कोण उघडणार? शिवाय हिवाळ्यात उघडली की तापवलेली हवा जशीच्या तशी बाहेर.

पडवीताई, बाहेरच्या हवेतच आज ४२० च्या आसपास असतं, आणि १००० ही खोलीतली मर्यादा काही आजची नाही, म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी ती १८५८ मध्ये सुचवली होती. त्यांचं म्हणणं असं की हा वायू तेवढ्या प्रमाणात विषारी नाही पण माणसांच्या उच्छ्वासाने हवा किती शिळी झाली ते त्यावरून कळतं. तेव्हा २१०० म्हणजे तुमच्या बेडरूममध्ये ताजी हवा जवळजवळ पोचतच नाहीये. एफिशियन्सी सोडा, आधी हे सांगा की प्रत्येक जाळीतून तासाला किती घनमीटर हवा येते आणि जाते? कमिशनिंगचा, म्हणजे बसवल्यावर हवा मोजून लिहिलेल्या आकड्यांचा कागद दिलाय का?

पडवी (रात्री १०:३१)

कागद दिलेला नाही. डिझाइनमध्ये एकूण १५० घनमीटर लिहिलंय एवढंच. आम्ही चौघं आहोत.

नळकांडं (रात्री १०:५५)

माणशी ३० घनमीटर धरलं तर चौघांना १२० लागतात, त्यामुळे १५० चं डिझाइन ठीक आहे. पण डिझाइन कागदावर, हवा नळीतून. मी हे डक्टचं काम अनेक वर्षं करतोय आणि कळकळीने सांगतो, यंत्र क्वचित खराब असतं, घोळ असतो तो नळ्यांत, फिल्टरमध्ये आणि बॅलन्सिंगमध्ये. बॅलन्सिंग म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी करणं, आणि ती जाळीगणिक वाटून देणं. हे काम मापकाशिवाय होत नाही, आणि घाई असली की पहिलं हेच वगळलं जातं.

तुमच्याकडे मापक नसेल तरी उद्या एक करा. कचऱ्याची ६० लिटरची पातळ पिशवी घ्या, तोंडाला तारेची रिंग बसवा. ताजी हवा येणाऱ्या जाळीवर पिशवी पूर्ण चपटी करून टेकवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ओढणाऱ्या जाळीवर उलट, भरलेली पिशवी लावायची आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. २१६ भागिले सेकंद म्हणजे तासाला घनमीटर. अगदी अचूक नाही पण दिशा कळते. प्रत्येक जाळीला तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

धुरांडं (रात्री ११:१२)

एक महत्त्वाचा प्रश्न. घरात लाकडाची शेगडी किंवा फायरप्लेस आहे का? दाराखालून वारा नसताना हवा ओढली जातेय म्हणजे घरात निगेटिव्ह प्रेशर आहे.

पडवी (रात्री ११:२०)

हो, हॉलमध्ये लाकडाची शेगडी आहे. गेल्या आठवड्यात पेटवताना दोनदा धूर उलटा घरात आला, आम्हाला वाटलं लाकूड ओलं असेल.

धुरांडं (रात्री ११:२४)

ताई, हा प्रश्न सुटेपर्यंत शेगडी अजिबात पेटवू नका. अगदी मनापासून सांगतोय. पंखे आत सोडण्यापेक्षा जास्त हवा बाहेर टाकत असतील तर ती तूट घर कुठूनतरी भरून काढतं, दाराखालून किंवा थेट चिमणीतून. धूर उलटा आला तर निदान दिसतो, पण निखारे विझत आल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड येतो त्याला ना रंग ना वास. झोपेत माणूस जातो. त्याचा अलार्म नसेल तर उद्याच बसवा, आणि लक्षात घ्या की तुमचं ते कार्बन डायऑक्साइडचं मीटर मोनॉक्साइड दाखवत नाही, दोन्ही वेगळे वायू आहेत.

पडवी (रात्री ११:३०)

धन्यवाद, अंगावर काटा आला वाचून. शेगडी बंद. अलार्म उद्या आणते, पिशवीही करते.

गच्चीवरून (रविवार, सकाळी ८:०५)

एक शंका. थंडीत एक्स्चेंजरमध्ये बर्फ धरायला लागलं की काही युनिट्स बर्फ वितळवायला ताज्या हवेचा पंखा मुद्दाम मंद करतात, मग काही वेळ निगेटिव्ह प्रेशर येतंच. हे तर होत नाहीये ना?

झरोका (सकाळी ८:४०)

शक्यता बरोबर आहे. जाणारी हवा दमट असते, एक्स्चेंजरमध्ये गार झाली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि बाहेर पुरेशी थंडी असली की तेच गोठतं. म्हणून कडक थंडीच्या जागी येणारी हवा आधी हीटरने जराशी कोमट करतात, पंख्याशी खेळण्यापेक्षा ते कितीतरी बरं. शेगडीवाल्या घरात तर पंखा मंद करणारी पद्धत नकोच.

पडवी (सकाळी ८:५२)

सध्या बाहेर शून्याच्या आसपास आहे, उणे दोनच्या खाली गेलेलंच नाही आणि स्क्रीनवर डीफ्रॉस्टचं चिन्हही दिसत नाही.

पडवी (दुपारी १:१५)

मोजलं. मुलाने स्टॉपवॉच धरलं, मी स्टुलावर. ताज्या हवेला हॉलमध्ये पिशवी ७ सेकंदांत भरली, आमच्या बेडरूममध्ये १५, अभ्यासाच्या खोलीत १५, आणि मुलांच्या खोलीत २४ सेकंद! पिशवी भरतेय की नाही अशी शंका यावी इतकी हळू. उलट स्वयंपाकघरात भरलेली पिशवी ३.७ सेकंदांत जाळीला चिकटली, बाथरूमला ४.४ आणि टॉयलेटला ५.७. म्हणजे येणारी हवा ३१, १४, १४ आणि ९ मिळून ६८, आणि जाणारी ५८, ४९, ३८ मिळून १४५. बरोबर करतेय ना मी हिशोब? आणि असं असेल तर ती ९४ टक्के एफिशियन्सी आली कुठून?

झरोका (दुपारी २:३०)

हिशोब अगदी बरोबर आहे ताई, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. नीट लिहितो, कारण हा गैरसमज खूप जणांचा असतो.

स्क्रीनवरचा आकडा फक्त तापमानावरून काढलेला असतो. बाहेर ०, घरात २०, आणि एक्स्चेंजरमधून निघालेली ताजी हवा १८.८ अंश, तर १८.८ भागिले २० म्हणजे ९४ टक्के. पण तुमच्याकडे ६८ घनमीटर गार हवेला तापवायला १४५ घनमीटर गरम हवा आहे. कपभर गार पाण्याला बादलीभर गरम पाण्याची ऊब दिली तर कप गरम होणारच, त्यात एक्स्चेंजरची कर्तबगारी नाही. हवा जितकी कमी येईल तितका हा आकडा छान दिसतो.

आता खरा हिशोब. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला ०.३४ वॉट तास लागतात. बाहेर १४५ जातेय म्हणजे घरात एकूण १४५ येतेय, ६८ यंत्रातून आणि उरलेली ७७ दाराखालून, फटींतून, चिमणीतून. ही सगळी ० वरून २० वर न्यायला १४५ × ०.३४ × २० म्हणजे ९८६ वॉट. यंत्राने परत मिळवून दिले ६८ × ०.३४ × १८.८ म्हणजे साधारण ४३५. म्हणजे तुमची खरी रिकव्हरी ४४ टक्के आहे. फटींतून येणाऱ्या ७७ घनमीटरला तापवायला एकट्याला सव्वापाचशे वॉट लागतात, ते तुमच्या हीटिंगमधून रात्रंदिवस जातायत. आणि ती हवा फिल्टरमधून आलेली नाही, बेडरूममध्येही पोचत नाही, थेट दारातून जिन्याखालून स्वयंपाकघराच्या जाळीत.

बसवणारा माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण त्याने चुकीचा आकडा बघितला.

सायलीची_आई (दुपारी २:४५)

कप आणि बादलीमुळे चटकन समजलं. वाचनखूण साठवली.

नळकांडं (दुपारी ३:२०)

आता येणारी बाजू कुठे अडलीय ते शोधायचं. बाहेरून आत या. पहिलं, भिंतीवरची हवा घ्यायची जाळी. दुसरं, युनिटमधला ताज्या हवेचा फिल्टर. तिसरं, नळ्या. ज्या खोलीत ९ येतंय तिच्या नळीवर माझा जास्त संशय आहे कारण बाकीच्यांपेक्षा ती फारच मागे आहे. फिल्टर शेवटचा कधी बदलला?

पडवी (दुपारी ३:२६)

बदलायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही. १४ महिने झाले.

नळकांडं (दुपारी ३:४०)

साधारण सहा महिन्यांत बदलायचा, धूळ किंवा परागकण जास्त असतील तर तीन. ताज्या हवेला बहुतेक एफ७ दर्जाचा बारीक फिल्टर असतो, नवीन वर्गीकरणात त्याला ईपीएम१ म्हणतात, आणि जाणाऱ्या हवेला जाडसर जी४. बारीक फिल्टर आधी भरतो म्हणून दुर्लक्ष झालं की येणारी बाजूच पहिली अडते, जाणारी चालू राहते. तुमच्याकडे अगदी तेच झालेलं दिसतंय. आणि गुडगुड आवाजाचं, एक्स्चेंजरखाली सुटलेलं पाणी न्यायला पाईप असतो, त्याला पाण्याचा सायफन, म्हणजे पाणी साचून हवा अडवणारा वाकडा भाग. तो सुकला की पंखा त्या पाईपमधून हवा ओढतो आणि गुडगुडतं, ड्रेनचा वासही येऊ शकतो. युनिट बंद करून एक लिटर पाणी ओता, थांबेल.

पडवी (बुधवार, रात्री ८:१०)

सगळं सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल.

बाहेरची जाळी आधी बघितली. शिडी लावून जवळ गेले तर खालून करडी दिसणारी जाळी प्रत्यक्षात जाळी राहिलेलीच नव्हती. आतल्या बाजूने मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावलीय आणि तिच्यावर झाडांचा कापूस, धूळ आणि मेलेल्या चिलटांचा असा थर बसलेला की नखाने ओढला तर नमद्याच्या तुकड्यासारखा सलग निघाला. त्याच्यामागे जाळी पांढरीशुभ्र. चौदा महिने या गोधडीतून हवा घेत होतो आम्ही. फिल्टर तर काळा, मुलगा हातात धरून बराच वेळ नुसता बघत बसला, म्हणाला हे आपण श्वासात घेतलं असतं का. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्या क्षणी या यंत्रावरचा सगळा राग गेला.

एवढ्यानंतर पिशवीने मोजलं तर येणारी एकूण १२० च्या वर गेली, पण मुलांची खोली अजून ११ लाच. मग माळ्यावरच्या नळीमागे रांगत गेलो. गुळगुळीत अर्धकडक नळ्यांच्या जागी त्या एका खोलीला मऊ लवचिक नळी वापरलीय, बहुतेक कमी पडली असेल, आणि तिच्यावर बॅगा ठेवायची फळी टाकलीय. नळी चेपून पट्टीसारखी झालेली. ती बदलून घेतली, आणि या वेळी मापक असलेला वेगळा टेक्निशियन बोलावला. त्याने प्रत्येक जाळी फिरवून फिरवून अडीच तास बॅलन्सिंग केलं आणि सही करून कागद दिला. येणारी हवा आमच्या बेडरूमला ४८, मुलांना ३६, हॉल ३८, अभ्यासाची खोली २०, एकूण १४२. जाणारी स्वयंपाकघर ५५, बाथरूम ५०, टॉयलेट ३६, एकूण १४१. मुलांच्या खोलीचं दार खाली जाड गालिच्याला घासत होतं, तेही खालून एक सेंटीमीटर तासून घेतलं, कारण हवा आत सोडली तरी तिला खोलीबाहेर पडायला वाट हवी.

आज पहाटे आमच्या खोलीत आकडा ९३०. दाराखालची शिट्टी बंद. सायफनमध्ये पाणी ओतलं, गुडगुड बंद.

आणि आता स्क्रीन काय दाखवते माहितीय? ८३ टक्के. बाहेर २, घरात २१, येणारी हवा १७.७. आकडा ११ ने कमी झाला आणि हीटिंग मात्र आधीपेक्षा कमी वेळ चालतंय. झरोका, तुमचं गणित मी भावाला फोनवर समजावून सांगितलं आज.

झरोका (रात्री ८:३५)

वा! तुमच्या चिकाटीला सलाम. आणि ८३ हा खराखुरा आकडा आहे, काउंटरफ्लो एक्स्चेंजरला, म्हणजे दोन्ही हवा उलट दिशांनी जातात त्याला, अगदी साजेसा.

तुमच्या लेकाला सांगायला एक गोष्ट. १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना गावी सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस नावाचं प्रात्यक्षिक घर बांधलं, तिथे थंडी उणे तीसच्याही खाली जाते. घर इतकं हवाबंद केलं की ताज्या हवेची सोय करणं भागच होतं, म्हणून त्यात हवेपासून हवेला ऊब देणारा एक्स्चेंजर बसवला. पुढे १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटला वोल्फगांग फाइस्ट यांचं पहिलं पॅसिव्ह हाउस (तापवायला फार कमी ऊर्जा लागणारं घर) झालं, त्यातही हेच तत्त्व. पॅसिव्ह हाउसच्या निकषात रिकव्हरी किमान ७५ टक्के मागतात, आणि घर ५० पास्कल दाबाला तासाला आतल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळता कामा नये. घर गळकं असलं की यंत्र कितीही चांगलं असो, निम्मी हवा त्याला टाळून जाते, हे तर तुम्ही स्वतःच मोजलंत.

गच्चीवरून (रात्री ९:०२)

आमच्याकडे उलट आहे, उन्हाळा लांब आणि दमट, एसी चालू असतो. अशा ठिकाणी याचा उपयोग आहे का? आणि घर फ्लॅटमध्ये आहे, नळ्या टाकायला जागा नाही.

नळकांडं (रात्री ९:३०)

उपयोग आहे, पण साधं एचआरव्ही (फक्त उष्णता परत मिळवणारं, पडवीताईंसारखं यंत्र) घेऊ नका, ईआरव्ही (उष्णतेबरोबर वाफेचीही देवाणघेवाण करणारं) घ्या. एचआरव्ही बाहेरची गरम हवा आत येताना गार करतं पण तिच्यातली वाफ तशीच आत आणतं, आणि मग ती वाफ काढताना एसीची दमछाक होते. ईआरव्हीचा पापुद्रा वाफही आरपार जाऊ देतो, त्यामुळे बाहेरची बरीचशी दमट वाफ जाणाऱ्या कोरड्या हवेबरोबर परत बाहेर जाते. मात्र हे यंत्र एसीची जागा घेत नाही, ते घर थंड करत नाही, फक्त ताज्या हवेमुळे येणारा बोजा कमी करतं.

फ्लॅटसाठी भिंतीत बसणारी छोटी जोडी मिळते. आत सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं नळकांडं असतं. पंखा साधारण ७० सेकंद हवा बाहेर टाकतो, तेवढ्यात सिरॅमिक तापतं, मग उलटा फिरून तेवढाच वेळ आत घेतो आणि ती ऊब परत येते. एक आत घेत असताना दुसरं बाहेर टाकतं म्हणून जोडीनेच बसवायची, एकटं बसवलं तर तेच प्रेशरचं दुखणं. बेडरूमसाठी घेताना आवाज आधी ऐकून बघा, तिथे २५ डेसिबलच्या वर गेलं की लोक रात्री बंद करून टाकतात आणि मग सगळंच वाया.

धुरांडं (रात्री ९:४४)

पडवीताई, फार बरं वाटलं वाचून. शेगडीचं मात्र अजून थांबा. बॅलन्स झालं असलं तरी फिल्टर भरला की पुन्हा तेच होऊ शकतं. खोलीतली हवा घेणाऱ्या शेगडीसाठी घरातलं निगेटिव्ह प्रेशर ४ पास्कलच्या वर जायला नको, त्यासाठी प्रेशर स्विच मिळतो जो मर्यादा ओलांडली की पंखे बंद करतो. किंवा शेगडीला बाहेरून वेगळा हवेचा पाईप द्या. आणि स्वयंपाकघरातली चिमणी बाहेर हवा टाकणारी असेल तर तीही हिशोबात धरा, ती एकटी या सगळ्या यंत्राच्या दुप्पट तिप्पट हवा ओढते.

पडवी (रात्री ९:५०)

चिमणी कोळशाच्या फिल्टरची, आतल्या आत हवा फिरवणारी आहे. प्रेशर स्विचचं उद्याच विचारते, तोवर शेगडी बंदच. फिल्टरवर आज मार्करने तारीख लिहिली.

सायलीची_आई (गुरुवार, सकाळी ७:२०)

हा धागा वाचून आत्ता बाहेर जाऊन टॉर्चने आमची जाळी बघितली. अर्धी बुजलीय. आतली बारीक जाळी काढूनच टाकू का?

नळकांडं (सकाळी ७:४५)

काढा, आणि तिच्या जागी एक सेंटीमीटर भोकांची लावा, पक्षी आत येऊ नयेत एवढ्यापुरती. चिलटं अडवायला फिल्टर आहे, आणि तो शिडीशिवाय बदलता येतो.

सायलीची_आई (सकाळी ७:५२)

काढते. पिशवी आणि तारही शोधून ठेवलीय, दुपारी मोजून इथेच आकडे टाकते.